चारशे सतराचा गुरुवार

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मोजणीच्या लक्षात आलं, की येत्या गुरुवारी एक माणूस मेलेला आहे.

लिहिण्यात चूक झालेली नाही. मंगळवारी ती खुर्चीत बसली होती आणि समोरच्या तक्त्यात लिहिलं होतं: क्रमांक चारशे सतरा, गट बिनफोन, मृत्यू, तारीख परवाची. तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग मोबाइलवरचं, मग पुन्हा भिंतीवरचं. तारीख परवाचीच होती.

मोजणी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी जिना चढताना पायऱ्या मोजायची, जेवताना घास मोजायची, म्हणून आईने ते ठेवलं आणि विद्यापीठात कुणीतरी आईचा फोन ऐकला तेव्हा तिथेही चिकटलं. नावाला जागून ती मोजण्याचंच काम करत होती. पीएचडीचं तिसरं वर्ष. सरकारच्या एखाद्या योजनेमुळे खरंच काही बदललं, की जे व्हायचं होतं तेच झालं आणि योजनेने फुकटचं श्रेय लाटलं, हे शोधून काढायचं. ऐकायला सोपं, करायला घाम काढणारं.

तिच्याकडची योजना साधी होती. एकटी राहणारी बाराशे वयस्क माणसं. त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना रोज सकाळी फोन करून ख्यालीखुशाली विचारायची, ती ‘फोन’ गटात. निम्म्यांना काहीच नाही, ती ‘बिनफोन’ गटात. कुणी सलग तीन दिवस फोन उचलला नाही, तर चौथ्या फोनची वाट न बघता सरळ माणूस घरी पाठवायचा. दीड वर्षाने दोन्ही गटांतली किती माणसं हयात आहेत ते मोजायचं. आणि निकाल असा सुरेख आला होता, की दृष्ट लागावी. फोन गटात मृत्यू निम्म्याहून कमी! शुक्रवारी समिती बसणार होती आणि योजना सगळीकडे लागू होणार होती.

नावं मात्र कुणालाच माहीत नव्हती. तक्त्यात नुसते क्रमांक. नावांची वही एका लोखंडी कपाटात.

कुणीतरी वेडपटासारखी तारीख टाकली असेल, असं म्हणून ती ओळ पुसायला गेली आणि शेजारच्या रकान्याकडे पाहून तिचा हात थांबला. ‘सोयीची वेळ: साडेआठ.’

हा रकाना फोन गटातल्या माणसांचाच भरला जायचा. ज्याला फोन करायचाच नाही, त्याला सोयीची वेळ कोण विचारील?

तिने बिनफोन गटातले सगळे मृत गोळा केले आणि तोच रकाना तपासला. बहुतेकांचा रिकामा होता, असायलाच हवा होता. चारशे सतरा सोडून बारा जणांचा भरलेला निघाला. म्हणजे ही बारा माणसं मुळात फोन गटातली होती. कुणीतरी त्यांना उचलून पलीकडे टाकलं होतं. मेलेली माणसं या पारड्यातून काढून त्या पारड्यात घातली होती, म्हणूनच निकाल एवढा गोड आला होता.

पण मेल्यावर हलवलं असतं तर ती लबाडी झाली असती. तिने बदलांची नोंद उघडली. बाराच्या बारा जणांना मरणाच्या आधी हलवलं होतं. कुणाला दोन दिवस आधी, कुणाला चार.

चारशे सतराला आज सकाळी हलवलं होतं, सहा वाजून दहा मिनिटांनी.

कुणाला तरी माहीत होतं, कोण मरणार आहे ते.

२

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. ही योजना त्यांच्या डोक्यातून निघालेली. त्यांच्या खोलीत पुस्तकं खुर्चीवर आणि माणसं उभी, असा प्रकार होता. ते शुक्रवारच्या भाषणाची उजळणी करत होते.

“सर, कपाटातली वही उघडायची आहे. एक नाव हवंय.”

“नाव?” सरांनी चष्मा काढला. “वही उघडायला तुझी आणि माझी, दोघांची सही लागते. आणि उघडली की अभ्यास संपला. आपणच केलेला नियम आहे हा. तीन वर्षं पाण्यात घालवायची आहेत का तुला?”

तिने सगळं सांगितलं. बारा जण, भरलेला रकाना, परवाची तारीख. सांगताना ती सरांच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि चेहरा उतरत गेला.

“कुणाला बोललीस का हे?”

“नाही.”

“बोलू नकोस. गुरुवार होऊन जाऊ दे. कारकुनी चूक असेल. शुक्रवार पार पडला की निवांत बघू.”

“आणि गुरुवारी खरंच कुणी मेलं तर?”

“अगं, बाराशे म्हातारी माणसं आहेत! एखादं जाणारच.” असं म्हणून सर हसले. हसू जमलं नाही, ते त्यांनाही कळलं, मग ते कागदांत डोकं घालून बसले.

ती बाहेर आली आणि दार मागे हळूच बंद झालं. तिने बंद केलं नव्हतं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. तोवर सरांच्या दाराला कडी आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

रिकाम्या व्हरांड्यात उभ्या उभ्या तिने बोटांवर मोजलं. या तक्त्याला हात लावू शकणारी माणसं किती? सर एक. नावांचं कपाट सांभाळणारे कुलूपकाका दोन. फोन कक्षातली फोनताई तीन. संकेतशब्द चौघांना दिले होते, म्हणजे संशयित तीन.

सरांना कारण होतं. ज्याचं भाषण तयार असतं, त्याला निकाल बदललेला परवडत नाही. पण फोनला कुणी उत्तर दिलं नाही, कोण आजारी आहे, हे सरांना कुठून कळणार? ते तर फोन कक्षात वर्षभरात फिरकलेसुद्धा नव्हते.

हे कळणारी एकच बाई होती.

३

फोन कक्षात सहा टेबलं होती, सहा फोन आणि खिडकीत एक कुंडी. फोनताई गेली दीड वर्षं रोज शंभर म्हाताऱ्यांशी बोलत होती आणि त्यामुळे तिचा आवाज घरीसुद्धा मोठा झाला होता, असं तिचा नवरा म्हणायचा. कुणाची नावं तिलाही माहीत नव्हती. संगणक क्रमांक लावून द्यायचा, ती “नमस्कार, कसं काय?” म्हणायची.

“चारशे सतरा?” ती म्हणाली. “साडेआठवाल्या बाई! त्या कशा विसरीन? मला म्हणतात, तुझा आवाज ऐकला की घड्याळ लावते. शिवण शिकवायच्या कुठल्याशा शाळेत. जिभेला धार अशी, की विचारू नका. पण काल नाही उचलला त्यांनी. परवाही नाही.”

“आज?”

“आज त्या यादीतच नाहीत.”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? यादी सकाळी आपोआप येते, त्यात क्रमांक असेल त्याला फोन. नेहमीचंच आहे हे, मॅडम. दोन दिवस कुणी उचलला नाही, की तिसऱ्या दिवशी यादीतून गायब. मला वाटतं, वर कुणीतरी बघतं. जाऊन येत असतील घरी, नाहीतर मुलाबाळांकडे गेली असतील.”

“गायब झालेल्याला तू स्वतःहून कधीच फोन लावला नाहीस?”

फोनताईने तिच्याकडे चमकून पाहिलं. “तुम्हीच तर शिकवलंत. पहिल्या दिवशी, इथेच उभ्या राहून. यादीबाहेर एकही फोन नाही, नाहीतर सगळ्या अभ्यासात भेसळ. दोनदा म्हणवून घेतलंत आमच्याकडून.”

“हो, ते बरोबरच आहे,” मोजणी म्हणाली. ते बरोबरच होतं.

तिने फोन उचलून चारशे सतराचा क्रमांक लावायला सांगितलं. संगणकाने नकार दिला. बिनफोन गटातल्या माणसाचा क्रमांक तो लावतच नव्हता.

निघताना फोनताई हळूच म्हणाली, “मॅडम, एक सांगू? गेल्या महिन्यात असाच एक गायब झाला. दोनशे आठ. त्यांना मी रोज विनोद सांगायचे. त्या रात्री घरी बसून मी रडले, कशाला ते माहीत नाही. वर कोण बघतं हो?”

दोनशे आठ तिच्या बारा जणांत होता.

४

कुलूपकाका तळघरातल्या कचेरीत बसायचे. निवृत्तीला दोन महिने उरलेले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असा, की काका येण्याआधी काका येत असल्याची वर्दी यायची. इमारतीची बाहेरची किल्लीही त्यांच्याकडेच. आणि इमारत उघडते आठला.

“सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी इथे कोण येतं, काका?”

“भुतं,” काका म्हणाले. तिने हसावं म्हणून थांबले. ती हसली नाही, तेव्हा खुर्ची पुढे सरकवून बसले. “काय झालं, ताई? तोंड पांढरं पडलंय तुमचं.”

तिने नोंद पुढे केली. तेरा बदल. प्रत्येक वेळी सहा वाजून दहा. ‘बदल कोठून: कक्ष नऊ.’

“कक्ष नऊ म्हणजे या बोळाच्या टोकाची अडगळ. तिथे मोडक्या खुर्च्या आहेत. कुणी जात नाही.”

“किल्ली?”

“माझ्याकडे.” काकांनी सरळ उत्तर दिलं आणि मग त्या उत्तराचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला. “अहो, मी कशाला मारीन कुणाला? मी साडेसातच्या बसने येतो!”

तो माणूस घाबरला होता. घाबरलेला माणूस खरा की खोटा हे रकान्यात मांडता येत नाही, आणि मोजणीला तर दुसरं काही येत नव्हतं. सरांना कारण आहे, पण माहिती नाही. फोनताईला माहिती आहे, पण किल्ली नाही. काकांकडे किल्ली आहे, पण कारणही नाही आणि माहितीही नाही. तिघांनी संगनमत केलं असेल का? सर काकांना साधा नमस्कारही करत नव्हते, ते कट काय करणार!

“काका, वही उघडा. चारशे सतरा कोण, एवढंच सांगा. परवा तिला मारणार आहेत. पोलिसांना निदान पत्ता तरी देऊ.”

“दोन सह्या, ताई.” काकांचा आवाज रडवेला झाला. “तुम्हीच बसवलेली पद्धत. मी एकदा मोडली तर परत कोण विश्वास ठेवणार माझ्यावर?”

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला आणि दोघंही दचकले. आई होती. आई निवृत्त परिचारिका, मंगळवारी साडेअकराला फोन करून ‘डबा खाल्लास का’ विचारणं हा तिचा परिपाठ.

“सकाळपासून दोनदा केला, उचलला का नाहीस?” आईने सुरुवातच अशी केली. “आता तिसऱ्यांदा नसता उचललास, तर रिक्षा करून तिथे आले असते.”

“आई, कामात आहे गं. एक माणूस—”

“काम कुणाला चुकलंय? अगं, माझ्या वॉर्डात ओरडणाऱ्या खाटेची मला कधी भीती वाटली नाही. गप्प झालेल्या खाटेकडे आम्ही आधी धावायचो. तू गप्प झालीस म्हणून जीव वर-खाली झाला.”

मोजणीने फोन कानापासून खाली घेतला. आई पलीकडे बोलतच होती.

परवा नाही उचलला. काल नाही उचलला. गुरुवार हा तर आठवड्याचा तक्ता बंद करण्याचा दिवस. तेराही तारखा तिने पुन्हा पाहिल्या. प्रत्येक मृत्यू गुरुवारचा होता. माणसं कुठे गुरुवार बघून मरतात? ती मरणाची तारीख नव्हतीच मुळी, तक्ता मिटण्याची तारीख होती.

“काका,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. “परवा कुणी तिला मारायला येणार नाहीये. ती रविवारपासून पडली आहे. आत्ता, या क्षणी पडली आहे. आपल्या हातात दोन दिवस नाहीत, काका. दोन दिवस जाऊन बसलेत.”

काकांनी जुडगा सोडवला आणि कपाट उघडलं.

“एक सही तुमची,” ते म्हणाले. “दुसरी माझी समजा. दोन महिनेच उरलेत, काढून टाकू देत मला.”

मोजणीने सही केली. तीन वर्षांचा अभ्यास त्या सहीबरोबर संपला, आणि तेव्हा तिला त्याचं काहीही वाटलं नाही. काकांनी नाव वाचलं, पत्ता वाचला, रुग्णवाहिकेला फोन लावला. पत्ता पंधरा मिनिटांच्या अंतरावर होता.

“चला,” काका म्हणाले.

पण बोळाच्या टोकाकडून एक बारीक घरघर येत होती. इतक्या वेळ ती होतीच, बोलण्यात ऐकू आली नव्हती. कक्ष नऊचं दार बंद होतं. आत कुणीतरी होतं, किंवा काहीतरी चालू होतं.

“काका, ते दार उघडा. जाता जाता. यादी अजून चालू आहे. उद्या सकाळी सहा दहाला पुन्हा कुणीतरी गायब होईल.”

५

मोडक्या खुर्च्यांच्या मागे, एका टेबलाखाली, मळक्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घरघरत होतं. एक हिरवा दिवा चादरीतून लुकलुकत होता. काकांनी चादर ओढली.

जुना संगणक. त्याच्या माथ्यावर कागद चिकटवलेला. शाई फिकटलेली, तरी अक्षर वाचता येत होतं: ‘मूळ तक्ता यावर आहे. कृपया कधीही बंद करू नये.’

अक्षर गोल होतं, वेलांट्या लांब. मोजणीला ते ओळखायला एक क्षणही लागला नाही. आपलं अक्षर कोण ओळखत नाही?

पहिल्या वर्षी हाच संगणक तिला मिळाला होता. नवा आला तेव्हा हा इथे आला आणि कागदाचा मान राखून दोन वर्षं कुणी त्याची तार काढली नाही. तिने पडदा चालू केला. तो बघत असताना कुठलीच शंका उरली नाही, कारण पुढची प्रत्येक ओळ तिला पाठ होती. तिनेच लिहिली होती ती, चाळीस काल्पनिक नावांवर सराव म्हणून. नंतर विसरून गेली होती; ती मात्र रोज सकाळी सहा दहाला खऱ्या तक्त्यावर आपोआप चालत राहिली होती.

पहिला नियम: ज्याच्याशी सलग दोन दिवस बोलणं झालं नाही, त्याला फोन मिळाला असं म्हणता येत नाही, म्हणून तो बिनफोन गटात धरावा. तेव्हा केवढी हुशारी वाटली होती तिला! नंतर दुसऱ्या वर्षी वर्गात तिनेच नव्या मुलांना शिकवलं होतं, की असं कधी करू नये. चिठ्ठीत जो गट आला तो शेवटपर्यंत त्याचा, मग त्याने फोन उचलो वा न उचलो. शिकवताना तिला या संगणकाची आठवण झाली नाही.

दुसरा नियम: एकही जागा रिकामी ठेवू नये. ज्याचा पत्ता लागत नाही, त्याच्यासारख्या आधीच्या माणसांचं जे झालं, तेच आठवड्याच्या शेवटच्या तारखेने लिहावं.

पहिला माणूस पडला आणि फोन उचलू शकला नाही. दोन दिवसांनी संगणकाने त्याला यादीतून काढलं. तिसरा फोन गेलाच नाही, म्हणून घरी माणूसही गेला नाही. मग तो मेला. दुसरा तसाच मेला. दोनतीन असे झाल्यावर संगणक शिकला, की अशांचं पुढे काय होतं, आणि मग तो आगाऊच लिहू लागला. बाकीच्यांच्या नोंदी नंतर जुळत गेल्या, म्हणून कुणाला संशय आला नाही. चारशे सतराची ओळ मोजणीला एवढ्यामुळेच दिसली, की या खेपेला ती मंगळवारीच तक्ता उघडून बसली होती.

संगणकाकडे माहिती होती. त्याला किल्ली लागत नव्हती. कारण तर हवंच होतं कशाला? संकेतशब्द चौघांना दिले होते आणि तिने संशयित तीन मोजले होते. जन्मभर पायऱ्या मोजणारी बाई, ती स्वतःलाच मोजायला विसरली.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही नव्हे, सर नव्हेत, फोनताई नव्हे. ही बारा माणसं माझी आहेत. मी मारली.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. त्यांनी वाकून भिंतीतली तार उपटली. घरघर थांबली.

“रडायचं ते बसमध्ये रडा,” ते म्हणाले. “आधी ती बाई.”

६

तिसरा मजला, डावीकडचं दार. रुग्णवाहिका त्यांच्याआधी पोहोचली होती आणि दार फोडायचं काम चालू होतं. मोजणी जिन्यात उभी होती. वर येताना तिने पायऱ्या मोजल्या नव्हत्या.

दार उघडलं. पलीकडून आवाज येईना. मग न्हाणीघरातून एक घोगरा, खरखरीत आवाज आला, “चपला बाहेर काढा. फरशी पुसलेली आहे.”

काका तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंड झाकून हुंदके देऊ लागले.

शिवणबाई न्हाणीघरात कुशीवर पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. ओठ फुटलेले. बादली हाताच्या टप्प्यात होती, तीत टॉवेल बुडवून त्यांनी तो चोखला होता. त्यावर त्या जगल्या होत्या. उचलून खाली नेताना त्यांनी कण्हण्याऐवजी सगळ्यांना शिस्त लावली. डोकं वर धरा, जिन्याचा कठडा सांभाळा, शेजारणीला सांगा माझी कुंडी बघायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणी इस्पितळात गेली. त्याआधी ती सरांकडे जाऊन आली होती. सरांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “शुक्रवारी काय सांगू मी?” ती म्हणाली, “तुम्ही नका सांगू. मी सांगते.” सरांनी भाषणाचे कागद उचलून तिच्या हातात दिले, कोरी बाजू वर करून.

शिवणबाई उशाला टेकून बसल्या होत्या. हातात सलाईन, पण केस नीट विंचरलेले.

“तूच ना ती, काल जिन्यात उभी होतीस? ये. बस इथे.” त्यांनी तिचा हात धरला. “डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत मी राहिले नसते. देवासारखी आलीस बघ.”

मोजणी खाटेच्या कडेवर बसली.

“सांगते तुला,” बाई म्हणाल्या. “रविवारी साडेआठला फोन वाजला. मी ओरडले, पण पोरीला कसं ऐकू जाणार? सोमवारी वाजला. मला बरं वाटलं. म्हटलं, दोन झाले. योजनेच्या पत्रकात लिहिलंय ना, तीनदा उचलला नाही की माणूस येतो. मंगळवारी पहाटेपासून मी कान देऊन होते. साडेआठ झाले, नऊ झाले. वाजलाच नाही गं. तोपर्यंत मी घाबरले नव्हते. तेव्हा घाबरले. वाटलं, विसरले आपल्याला.”

“विसरले नव्हते,” मोजणी म्हणाली. “तो फोन मी थांबवला.”

मग तिने सगळं सांगितलं. संगणकाच्या भाषेत नाही, साध्या शब्दांत. दोन दिवस उत्तर नाही म्हणून यादीतून काढायचं, असा नियम तिने कसा लिहिला आणि कसा विसरली. सांगताना तिने एकदाही ‘चुकून’ हा शब्द वापरला नाही. वापरावासा वाटला होता.

शिवणबाईंनी आपला हात हळूच काढून घेतला आणि चादरीवर ठेवला.

“माझ्याआधी किती?”

“बारा.”

“नावं काय त्यांची?”

“मला... क्रमांक माहीत आहेत.”

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं जेवण आलं, भांड्यांचा आवाज झाला, परिचारिका सलाईन बघून गेली. बाई तिच्याकडे बघतच होत्या आणि मोजणीला वाटलं, या बाईंनी ओरडावं, हाकलून द्यावं, काहीही करावं, फक्त अशा बघत राहू नये.

“जा,” शेवटी बाई म्हणाल्या. “बारा जणांची नावं काढ. कुणाचं कोण मागे आहे ते काढ. प्रत्येकाच्या दारात जा आणि मला जे सांगितलंस ते त्यांना सांग. दार तोंडावर आपटतील, आपटू दे.”

“जाते,” मोजणी म्हणाली आणि उठली.

ती दारापर्यंत पोहोचली तेव्हा मागून आवाज आला. घोगरा होता, पण आता त्याला धार आली होती.

“आणि ऐक. उद्या सकाळी साडेआठला मला इथे फोन कर. तू स्वतः. रोज.”